अजगराचा उपास

भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें आपले चोवीस गुरु सांगितले आहेत. पृथ्वी, वायु, आकाश अशा थोरांच्या त्या पंक्तींत एक अजगरही बसला आहे. पुढ्यांत येऊन पडेल तें गोड मानावें, कांहींच न आल्यास अनेक दिवस निराहार पडून राहावें, अन्नाच्या मागें धांवूं नये, हा धडा अवधूतानें त्याच्यापासून घेतला. 'अजगरवृत्ति' हा शब्द मराठींत आला तो ह्याच कल्पनेंतून. पुढें मात्र तो संतोषाच्या स्तुतीपेक्षां आळसाच्या निंदेसाठींच अधिक वापरला जाऊं लागला.

अवधूताचें निरीक्षण खोटें नव्हतें. अजगर खरोखरच महिनेच्या महिने उपाशी राहूं शकतो. परंतु ज्यांनीं अजगर पाळले, त्यांना ह्याहूनही चमत्कारिक अशी एक गोष्ट दिसून आली. अन्न मिळत नाहीं म्हणून अजगर उपाशी राहतो हें खरेंच. पण वर्षांतील कांहीं काळ असा येतो कीं, अन्न तोंडाशीं आलेलें असतांनाही तो तें घेत नाहीं. कालपर्यंत उंदीर दिसतांच झेप घेणारा प्राणी आज त्याच उंदराकडे ढुंकूनही पाहत नाहीं. आठवडा जातो, महिना जातो, कधीं तीन-चार महिने जातात. पाळणाऱ्याच्या पोटांत भीतीचा गोळा उठतो. हा रोग आहे, का रुसवा आहे, का आणखी कांहीं? आणि ह्या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर पुष्कळदां अजगराचा जीव जातो. उपासानें नव्हे, तर उपास मोडण्याच्या खटाटोपानें.

हा प्रश्न ज्याच्या बाबतींत विशेष तीव्रतेनें उभा राहतो, तो प्राणी म्हणजे न्यू गिनी बेटावरील हिरवा वृक्षवासी अजगर. श्लेगेल ह्या शास्त्रज्ञानें १८७२ सालीं त्याचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. न्यू गिनी, तिच्या आसपासचीं आरू, बियाक इत्यादि बेटें आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोंकाचें केप यॉर्क द्वीपकल्प, एवढाच त्याचा मुलूख. ह्यांपैकीं उत्तर न्यू गिनींतील अजगरांची २०२० सालीं एक निराळी जात मानण्यांत आली. पण प्रस्तुत विषयापुरते दोघेही एकच समजण्यास हरकत नाहीं.

भारतांतील धिप्पाड अजगराच्या मानानें हा अगदींच लहानखुरा. पूर्ण वाढीचा झाला तरी साधारण दीड ते पावणेदोन मीटर. पण त्याच्या रूपाला तोड नाहीं. आडव्या फांदीवर दोन्ही बाजूंना सारख्या वळ्या सोडून आणि मधोमध डोकें टेकून तो बसला, म्हणजे एखाद्यानें हिरव्या रेशमी दोराची गुंडाळी करून फांदीवर टाकली आहे असेंच वाटावें. अंड्यांतून निघालेलीं पिल्लें मात्र हिरवीं नसतात. कांहीं पिवळीं धमक असतात, तर कांहीं विटकरी रंगाचीं. लांबी पन्नास-साठ सेंटिमीटर झाली, म्हणजे सुमारें वर्षाच्या वयास, हा रंग पालटून तीं हिरवीं होतात. हा पालट कशासाठीं असावा, ह्याचा विल्सन, हाइनसोन आणि एंडलर ह्या तिघांनीं केप यॉर्कच्या अरण्यांत अभ्यास करून २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहान पिल्लें रानाच्या कडेला, उजेडाच्या जागीं, बारीक सरडे टिपीत राहतात; मोठे अजगर दाट पानांच्या सावलींत वावरतात. ज्याची त्याची जागा ज्याला त्याला लपवील असाच ज्याचा त्याचा रंग आहे.

हा अजगर भक्ष्याचा पाठलाग करीत नाहीं. रात्र पडली कीं डोकें खालीं लोंबतें सोडून तो वाट पाहत राहतो. त्याच्या ओठांच्या कडेला बारीक खांचा असतात, आणि जवळून जाणाऱ्या उंदराच्या अंगाची ऊब त्यांना अंधारांतही जाणवते. म्हणजे उष्णता हें त्याच्या भक्ष्याचें लक्षण आहे. पण उष्णतेशीं त्याचा संबंध एवढ्यावरच थांबत नाहीं. त्याची भूक, त्याचें पचन, त्याचा संसार, सारें कांहीं उष्णतेच्या हिशेबावर चालतें. आणि त्याच्या उपासाचें कोडें सोडवावयाचें तर तो हिशेबच आधीं पाहिला पाहिजे.

मनुष्य, गाय, चिमणी हे प्राणी आपल्या शरीराची ऊब स्वतःच्या अन्नांतून निर्माण करतात. बाहेर हिंव पडो वा ऊन तापो, त्यांच्या रक्ताचें उष्णतामान जवळ जवळ कायम राहतें. सापाची गोष्ट वेगळी. त्याची ऊब उसनी असते. ती सूर्यापासून, तापलेल्या दगडापासून, भोंवतालच्या हवेपासून घ्यावयाची, आणि ती मिळेल त्या मानानें शरीराचे व्यवहार चालवावयाचे. साधारण हिशेब असा कीं, शरीराचें उष्णतामान दहा अंश सेंटिग्रेडनें वाढलें तर जीवनव्यापाराचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो, आणि तितकेंच उतरलें तर त्याच मानानें मंदावतो. ह्या उसनवारींत एक मोठी काटकसर आहे. रोज शेगडी पेटती ठेवावी लागत नसल्यामुळें साप अत्यल्प अन्नावर जगूं शकतो. जो उपास उंदराला दोन-तीन दिवसांत मारील, तो अजगराच्या गांवींही नसतो.

पण काटकसरीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अजगर भक्ष्य चावून खात नाहीं, सबंध गिळतो. केंस, हाडें, आंतडीं यांसह एक अख्खें जनावर त्याच्या पोटांत जातें. तें पचविण्याचें काम किती प्रचंड आहे, ह्याची कल्पना स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड ह्यांच्या प्रयोगांवरून येते. त्यांनीं ब्रह्मदेशीय अजगरांवर प्रयोग करून १९९५ सालापासून जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते शरीरशास्त्रांत आतां प्रसिद्ध आहेत. दोन जेवणांच्या मधल्या काळांत अजगर आपलें पचनयंत्र जवळ जवळ बंद करून ठेवतो. जठरांत आम्लाचा पत्ता नसतो. आंतड्याचें अस्तर आक्रसून गेलेलें असतें. भक्ष्य गिळलें कीं एका दिवसाच्या आंत सारा कारखाना पुन्हां उभा राहतो. आम्ल सुटूं लागतें. लहान आंतड्याचें वजन दुप्पट होतें. आणि फार मोठें भक्ष्य असेल तर जीवनव्यापाराचा वेग चाळीस पटींवर चढतो. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनाप्रमाणें ४८ तासांत हृदयाच्या जवनिकेचें वजनही सुमारें ४० टक्क्यांनीं वाढतें. हे प्रयोग जमिनीवरील मोठ्या अजगराचे आहेत, हें खरें. पण क्वचित् आणि भरपूर जेवण्याची रीत हिरव्या अजगराचीही तीच आहे.

घरांतल्या भाषेंत सांगावयाचें तर, अजगराच्या पोटांतली चूल रोज पेटत नाहीं. आणि ती पेटवावयाची तर सरपण आधीं गांठचें घालावें लागतें. शिवाय ती पेटली तरी आंच लागते ती बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेची. उष्णतामान कमी पडलें कीं पचनाचें काम रेंगाळतें. उबदार हवेंत जें काम थोड्या दिवसांत आटोपावयाचें, त्यास थंडींत कितीतरी अधिक दिवस लागतात. आणि पोटांतला उंदीर कांहीं पचनाची वाट पाहत थांबत नाहीं. तो आंतल्या आंत कुजूं लागतो. मग अजगराला तो ओकून टाकावा लागतो, आणि ही ओकारी त्याला फार महाग पडते. आम्ल, पाणी आणि शक्ति तिन्ही एकदमच जातात. म्हणून थंडी पडूं लागतांच ज्याची भूक मरते, तोच अजगर शहाणा. त्याची भूक मंदावणें हें दुखणें नसून दुखण्यापासून केलेला बचाव आहे.

येथें एक शंका येण्याजोगी आहे. न्यू गिनी विषुववृत्ताच्या लगत. तेथें थंडी कुठली? सखल रानांत दिवसा तीस-बत्तीस अंश आणि रात्रीं बावीस-चोवीस अंश, असा बारमाही एकच ताल. ही शंका बरोबर आहे, आणि तिच्यांतच ह्या प्राण्याचें वैशिष्ट्य आहे. जेथें उष्णतामान इतकें स्थिर, तेथें थोडासा बदलही मोठी बातमी ठरतो. केप यॉर्ककडे उन्हाळ्यांत दिवसाचें उष्णतामान एकतिसाच्या आसपास असतें, तर हिंवाळ्याच्या रात्रीं तें वीसच्या आसपास उतरतें. वर्षाचा सुमारें दोन हजार मिलिमीटर पाऊस मुख्यतः डिसेंबर ते एप्रिल ह्या महिन्यांत कोसळतो आणि बाकीचें वर्ष त्या मानानें कोरडें जातें. पुण्या-नाशिकच्या माणसाला जो फरक शालीच्या घडीइतकाच वाटेल, तो ह्या अजगराच्या लेखीं ऋतुपालट असतो.

युरोप-अमेरिकेंतील प्राणिसंग्रहालयांत आणि हौशी पाळणाऱ्यांच्या कांचेच्या पेट्यांत दिवसा अठ्ठावीस ते एकतीस अंश, आणि रात्रीं त्याहून चार-पांच अंश कमी, असें उष्णतामान ठेवण्याची वहिवाट आहे. ज्यांना पिल्लांची अपेक्षा असते, ते हिंवाळ्याच्या महिन्यांत रात्रींचें उष्णतामान मुद्दाम वीस-बावीस अंशांपर्यंत उतरवितात. मग अजगर आपोआप खाणें कमी करतो. परंतु जे पाळणारे असें कांहीं मुद्दाम करीत नाहींत, त्यांच्याकडेही पुष्कळदां तोच प्रकार घडतो. बाहेर हिंव पडतें, खोली गार होते, दिव्याच्या उबेवर चालणाऱ्या पेटींत रात्रींचा पारा नकळत दोन-तीन अंश खालीं येतो, आणि धन्याच्या ध्यानींमनीं नसतांना अजगराच्या घरीं हिंवाळा सुरू झालेला असतो.

भारतांतील अजगराचेंही असेंच आहे. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यांत हिंवाळ्याच्या सकाळीं बिळांतून बाहेर निघून ऊन खात पडलेले अजगर पाहण्यास लोक जातात. 'ऊन खाणें' हा मराठी शब्दप्रयोग त्या वेळीं अक्षरशः खरा वाटतो. कारण त्या दिवसांत अजगराला अन्नापेक्षां उन्हाचीच निकड अधिक असते.

थंडीचा हा उपास पहिला. दुसरा उपास नराचा. विणीचा हंगाम आला कीं वयांत आलेला नर महिनोन्‌महिने अन्नास शिवत नाहीं; आणि ह्या वेळीं पेटी पुरेशी उबदार असली तरीही तो ऐकत नाहीं. एरव्हीं एका फांदीवर दिवसेंदिवस बसून राहणारा हा प्राणी आतां रात्रभर पेटीच्या कडेकडेनें येरझारा घालीत असतो. रानांत त्याला मादी शोधीत हिंडावयाचें असतें. आणि हिंडणें व भक्ष्याची वाट पाहत बसणें हीं दोन्हीं कामें एकाच वेळीं होत नाहींत. शिवाय भरल्या पोटाचा जड अजगर प्रवासाच्या कामाचा नाहीं. कानडांतील मॅनिटोबा प्रांतांत हजारोंच्या संख्येनें एकत्र जमणाऱ्या बिनविषारी सापांच्या नरांवर ओडॉनेल, शाइन आणि मेसन ह्यांनीं केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. मीलनाचा काळ चालूं असेपर्यंत पुढें अन्न ठेवलें तरी नर तें नाकारतात, आणि तो काळ सरला कीं खाऊं लागतात, असें त्यांत आढळलें. जात निराळी, मुलूख निराळा, पण व्रत एकच.

तिसरा उपास मादीचा, आणि तो सर्वांत कठोर. त्याची कथाही तितकीच मनोवेधक आहे. १८३२ सालीं लामार-पिको नांवाच्या एका फ्रेंच प्रवाशानें पॅरिसच्या विज्ञान-परिषदेपुढें असें निवेदन केलें कीं, हिंदुस्थानांत अजगराची मादी आपल्या अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून बसते आणि स्वतःच्या अंगच्या उबेनें तीं उबवते. थंड रक्ताचा प्राणी आणि अंडीं उबवणार, ही गोष्ट तेव्हांच्या पंडितांना केवळ गांवगप्प वाटली, आणि तिची बोळवण करण्यांत आली. पण नऊच वर्षांनीं, १८४१ च्या मे-जून महिन्यांत, त्याच पॅरिस शहरांतील प्राणिसंग्रहालयांत एक अजगरी अंड्यांवर बसली. व्हालांसिएन ह्या शास्त्रज्ञानें तिच्या वेटोळ्यांत उष्णमापक घालून नोंदी केल्या, आणि वेटोळ्याच्या आंतील उष्णतामान भोंवतालच्या हवेहून खरोखरच कितीतरी अधिक भरलें. जवळ जवळ आठ आठवडे ती जागची हालली नाहीं. पाणी ती प्याली. अन्नाला तिनें तोंड लावलें नाहीं. ज्या प्रवाशाची पंडितांनीं थट्टा केली होती, त्याची साक्ष एका मुक्या प्राण्यानें अशी खरी करून दाखविली.

ही ऊब येते कोठून, ह्याचा उलगडा व्हावयास आणखी सव्वाशें वर्षें लागलीं. १९६६ सालीं हचिसन, डाउलिंग आणि व्हिनेगर ह्यांनीं न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयांतील उबवणीवर बसलेल्या मादीचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवा तेहतीस अंशांच्या खालीं उतरली कीं तिच्या अंगाचे स्नायू ठराविक अंतरानें आखडूं लागत. कुडकुडणाऱ्या माणसाचें जसें होतें तसें. जसजशी हवा थंड, तसतसे हे झटके वाढत. त्या श्रमांतून ऊब निर्माण होई, आणि मादीचें शरीर भोंवतालच्या हवेहून चार-साडेचार अंशांपर्यंत अधिक उबदार राही. सर्वच जातींच्या अजगरांत हें सामर्थ्य नाहीं. पण हिरव्या वृक्षवासी अजगराच्या मादींत असे झटके पाहण्यांत आलेले आहेत. सुमारें सात आठवडे, दहा-वीस अंड्यांभोंवतीं, पोटांत अन्नाचा कण नसतांना हें काम चालतें. उसन्या उबेवर जगणारा प्राणी ह्या एका प्रसंगीं स्वतःच्या मांसाचें सरपण करून ऊब देतो.

ह्या व्रताची किंमत किती असते? थॉमस मॅडसन आणि रिचर्ड शाइन ह्यांनीं उत्तर ऑस्ट्रेलियांतील पाणअजगरांवर केलेल्या अभ्यासांत, १९९९ सालीं, त्याचें मोठें बोलकें उत्तर मिळालें. तेथील कांहीं माद्या घोरपडींनीं सोडलेल्या उबदार बिळांत अंडीं घालतात. कांहीं झाडाच्या मुळांजवळच्या थंड पोकळींत घालतात. उबदार बिळांतल्या माद्या लवकरच अंडीं जमिनीच्या स्वाधीन करून निघून जातात आणि पुन्हां खाऊं लागतात. थंड पोकळींतल्या माद्यांना मात्र पिल्लें निघेपर्यंत बसून राहावें लागतें. त्यांतल्या पुढच्या वर्षापर्यंत जगणाऱ्या कमी, आणि जगल्या तरी पुन्हां लवकर अंडीं घालणाऱ्या त्याहून कमी. जमीन किती उबदार आहे, ह्यावर आईनें किती दिवस उपाशी राहावें हें ठरतें, असाच ह्याचा अर्थ. अजगराच्या उपासाचा आणि उष्णतामानाचा संबंध ह्याहून स्पष्ट कोणता दाखवावा?

असे उपास केवळ अजगरच करतात असेंही नाहीं. टोरांटोच्या म्रोसोव्हस्की आणि शेरी ह्या संशोधकांनीं १९८० सालीं अशा अनेक प्राण्यांचीं उदाहरणें एकत्र मांडलीं. रानकोंबडी खुडूक बसली कीं अन्न अगदीं घरट्याशेजारीं असलें तरी नेहमीच्या मानानें फारच थोडें खाते, आणि तिचें वजन ठराविक उतारानें घटत जातें. दक्षिण ध्रुवाकडील सम्राट पेंग्विनाचा नर मीलनापासून पिल्लूं निघेपर्यंत जवळ जवळ चार महिने काहीं खात नाहीं. ह्या साऱ्यांत भूक मेलेली नसते. तिचें माप बदललेलें असतें. शरीरच त्या काळापुरतें कमी वजनाला 'पुरेसें' मानूं लागतें. ज्या घरांत चातुर्मासाचीं व्रतें चालतात, त्या घराला हें समजण्यास कठीण नाहीं. एकादशीला पान नाकारणारी आजी आजारी आहे असें समजून कोणी वैद्याला बोलावीत नाहीं. परंतु तीच आजी द्वादशीच्या दिवशींही जेवली नाहीं, तर मात्र घर अस्वस्थ होतें.

पाळणाऱ्याचें सारें कौशल्य ह्या एकादशी-द्वादशीचा भेद ओळखण्यांत आहे. कारण रोगी अजगरही खात नाहीं, आणि व्रतस्थ अजगरही खात नाहीं. वरून दोघे सारखेच दिसतात. हा भेद सांगणारे तीन साक्षीदार आहेत: उष्णमापक, तराजू आणि तारखांची वही.

उष्णमापक भिंतीवर टांगून उपयोगाचा नाहीं. अजगर ज्या फांदीवर बसतो त्या फांदीच्या उंचीवर तो पाहिजे, आणि दिवसाचा पारा पाहिला तसा पहांटेचाही पाहिला पाहिजे. कित्येक आजार तेथेंच उलगडतात. तराजूची साक्ष त्याहून महत्त्वाची. निरोगी अजगर दोन महिने उपाशी राहिला तरी त्याचें वजन फारच थोडें उतरतें. थोड्या अवधींत वजनाचा दहावा हिस्सा गेला, पाठीचा कणा वर उठून दिसूं लागला, तोंड उघडें टाकून श्वास चालला, नाकाशीं बुडबुडे आले, किंवा फांदीवरची पकड ढिली पडली, तर तो उपास नव्हे. तो रोग, आणि तेथें जनावरांचा जाणता वैद्यच पाहिजे. अजगरांच्या गंभीर श्वसनरोगाशीं संबंध असलेले विषाणु २०१४ सालापासून शास्त्रज्ञांना माहीत झालेले आहेत. तेव्हां अशा लक्षणांकडे काणाडोळा करून चालत नाहीं. आणि वहीची साक्ष ही कीं, गेल्या वर्षीं ह्याच महिन्यांत काय घडलें? जो नर गेल्या डिसेंबरांत जेवला नव्हता आणि मार्चांत जेवूं लागला, त्याच्यासाठीं ह्या डिसेंबरांत झोंप उडवून घेण्याचें कारण नाहीं. कात टाकण्याच्या सुमारास डोळ्यांवर दुधी सांका येतो. त्या आठवड्याचा उपासही वहींत ओळखूं येतो.

हे साक्षीदार न विचारतां जे उपाय केले जातात, ते ममतेपोटीं केले जातात. म्हणूनच त्यांचें वाईट अधिक वाटतें. पहिला उपाय म्हणजे रोज नवा उंदीर पुढें नाचविणें. त्यानें भूक लागत नाहीं. भीति मात्र लागते. दुसरा उपाय पेटी तापविणें. तेहतीस-चौतीस अंशांच्या वर उष्मा गेला तर अजगर खात तर नाहींच, उलट त्याच्या अंगांतलें पाणी आटूं लागतें. तिसरा आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे जबरीनें तोंड उघडून भक्ष्य घशांत लोटणें. ज्याचें जठर बंद आहे, ज्याच्या आंतड्याचें अस्तर आक्रसलेलें आहे, त्याच्या पोटांत गार रात्रीं एक सबंध उंदीर कोंबणें म्हणजे विझल्या चुलीवर भात चढवून तो शिजण्याची वाट पाहणें होय. बहुधा ओकारी होते. घशास इजा होते. आणि जो प्राणी तीन महिन्यांच्या उपासानें मेला नसता, तो तीन दिवसांच्या उपचारानें दगावतो.

एक उपास मात्र ऋतूचा नसतो. जाळ्यांत धरून, पिशवींत कोंबून, समुद्रापार आणलेला रानचा अजगरही अन्न नाकारतो. पण तें व्रत नव्हे, तो धसका असतो, आणि त्याच्या जोडीला बहुधा पोटांत जंत असतात. नतुश आणि लायन्स ह्या संशोधकांनीं २००९ ते २०११ ह्या काळांत इंडोनेशियांतील मलुकू, पापुआ आणि पश्चिम पापुआ ह्या प्रांतांतील व्यापाऱ्यांकडे पाहणी केली. तेवढ्या अवधींत त्यांना बेकायदा पकडलेले ४,२२७ हिरवे अजगर आढळले. त्यांनीं काढलेला निष्कर्ष असा कीं, 'पिंजऱ्यांत जन्मलेले' म्हणून दर वर्षीं त्या देशांतून बाहेर जाणाऱ्या हिरव्या अजगरांपैकीं निदान ८० टक्के रानांतून चोरून पकडलेले असतात. हा शोध २०११ सालीं प्रसिद्ध झाला. कांचेच्या पेटींतील रिकाम्या फांदीला शोभा आणणाऱ्या त्या हिरव्या वेटोळ्यामागें पुष्कळदां न्यू गिनींतील एक रिकामी फांदी असते.

भारतांत ह्या बाबतींत कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें येथील अजगर बाळगणें हा गुन्हा आहे. आणि त्या कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनें आंतरराष्ट्रीय कराराखालील परदेशी प्राण्यांनाही नोंदणीचें बंधन लागूं झालें. त्याचे नियम २०२४ सालीं प्रसिद्ध झाले. हिरवा अजगर ह्या प्राण्यांतच मोडतो. तेव्हां महाराष्ट्रांतील सुशिक्षित घराला ह्या अजगराचा परिचय शक्य तोंवर पुस्तकांतून आणि प्राणिसंग्रहालयांतूनच व्हावा, हें उत्तम. परंतु प्राणिसंग्रहालयांतील कांचेपलीकडे एखादा अजगर महिनाभर जेवला नाहीं अशी बातमी कानीं आली, तर रक्षकाला दोष देण्यापूर्वीं महिना कोणता चालूं आहे आणि पारा कोठें आहे, एवढें विचारण्याइतकें ज्ञान प्रत्येकाजवळ असावें.

ज्याला हें ज्ञान आहे, तो रक्षक उपासाच्या दिवसांत फार थोडें करतो. पाणी ताजें ठेवतो. हवा कोंदट न होऊं देतां दमट राखतो. आठवड्यास एकदां फांदीसकट अजगर तराजूवर ठेवतो. वहींत आंकडा टिपतो आणि दार लावून घेतो. दिवस वाढूं लागतात, रात्रींचा पारा पुन्हां चोवीसवर स्थिरावतो. मग एका संध्याकाळीं, दिवे मालवल्यानंतर, तीन महिने वेटोळ्याच्या मध्यावर टेकलेलें तें डोकें हळूंहळूं फांदीखालीं उतरतें आणि अंधारांत निश्चल लोंबत राहतें. तें डोकें खालीं आलें, म्हणजे लांब चिमट्यानें कोमट केलेला उंदीर पुढें करण्याची वेळ झाली. त्याच्या आधीं नाहीं.